बाजारची नंदभाषा आणि पैशाचीं घरगुती नांवें

जुन्या पेठेंतल्या एखाद्या कापडाच्या दुकानाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. गादीवर दुकानदार बसला आहे, समोर लुगड्यांच्या घड्या उलगडलेल्या आहेत, आणि गिऱ्हाइकाला घेऊन आलेला दलाल एका बाजूला टेकून बसला आहे. गिऱ्हाईक एका लुगड्याला हात लावून किंमत विचारतें. दुकानदार उत्तर देण्यापूर्वीं दलालाकडे पाहून ‘मुळू’ एवढेंच म्हणतो. दलाल किंचित् मान हलवून ‘शेली’ म्हणतो. मग दुकानदार हंसतमुखानें सहा रुपये किंमत सांगतो आणि ‘तुम्ही घरचे म्हणून’ असें वर जोडतो. मुळू म्हणजे पांच आणि शेली म्हणजे सहा. तो मधला एक रुपया दलालाचा. गिऱ्हाईक लुगडें काखेंत मारून समाधानानें घरीं जातें, आणि आपल्या देखत, आपल्या कानांवर पडलेल्या शब्दांनींच आपला रुपया गेला, हें त्याच्या स्वप्नींहि येत नाहीं.

या बोलीला नंदभाषा म्हणत. महाराष्ट्रांतील दुकानदार, दलाल, सराफ अशा मंडळींमध्यें ती पिढ्यान् पिढ्या चालत आली. तिला भाषा म्हणावयाचें तें केवळ उपचारानें. तिला स्वतःचें व्याकरण नाहीं, क्रियापदें मराठींतलींच, आणि शब्दसंग्रह बहुतेक सगळा आंकड्यांचा. परंतु ज्याला पैशापुरतेंच बोलावयाचें आहे त्याला याहून अधिक भाषा लागते कोठें? मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालीं व वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं प्रसिद्ध झाली. पंडितांच्या शब्दांबरोबर दुकानांतले आणि शेतांतले शब्दहि टिपण्याचा या कोशकारांना नाद होता, आणि त्यामुळें नंदभाषेचे आंकडे शाबूत राहिले आहेत. एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधानू, चार पोकू, पांच मुळू, सहा शेली, सात पवित्र, आठ मंगी, नऊ तेवसू किंवा लेवनू, आणि दहा अंगुळू. त्यापुढील आंकड्यांनाहि असेच शब्द आहेत.

हे शब्द तोंडांत घोळवून पाहण्यासारखे आहेत. ‘केवली’मध्यें ‘केवळ’ हा शब्द डोकावतो. जो एकटाच तो केवळ. ‘अंगुळू’ला हाताच्या दहा अंगुळींची आठवण आहे. बाकीच्या शब्दांत मात्र अर्थाचा माग लागूं नये अशीच योजना दिसते, आणि गुप्त बोलीचा तोच मोठा गुण. त्यांतहि ‘पवित्र’ या शब्दाची निवड चतुरपणाची म्हटली पाहिजे. सोंवळें घेण्यासाठीं दुकानीं आलेल्या आजीबाईंच्या कानीं ‘पवित्र’ हा शब्द पडला आणि त्यांना कापडाच्या शुद्धतेची ग्वाही मिळाल्यासारखें वाटलें, तर त्यांत त्यांचा काय दोष?

ही बोली किती जुनी, याचा एक धागा संतवाङ्मयांत सांपडतो. नामदेवांचे गुरु विसोबा खेचर यांच्या नांवावर एक अभंग सांगितला जातो. त्यांत शंकराचें वर्णन आहे. शंकराचीं पांच मुखें, तीन नेत्र आणि दहा हात हे आंकडे तेथें साध्या मराठींत न येतां मुळू, उधानू आणि अंगुळू या शब्दांनीं येतात. अभंगाच्या कर्तृत्वाविषयीं कोणी शंका घेतली तरी त्यावरून एक गोष्ट उघड होते. ज्या बोलीनें लुगड्याचा भाव झांकला जाई तीच बोली भजनाला बसलेल्या मंडळींना कळत असे, निदान कळेल असें रचणाराला वाटत असे. तेव्हां नंदभाषा हें अगदीं कडेकोट कुलूप नव्हतें. गांवांतल्या चार चतुर माणसांजवळ त्याची किल्ली असे. फसत असे तो परगांवचा, अडाणी, घाईंत असलेला, आणि बाजारांत वर्षांतून दोनदांच येणारा.

दुकानदाराला या लपंडावाची गरज कां पडावी, हेंहि पाहिलें पाहिजे. त्या काळीं मालाला ठरलेला भाव नसे. किंमत गिऱ्हाइकाच्या पागोट्याकडे पाहून सांगावयाची आणि घासाघीस करून खालीं आणावयाची, असा शिरस्ता. दोन्ही पक्षांना तो ठाऊक असे, आणि भाव न करतां माल घेणारास लोक भोळा म्हणत. म्हणून दुकानदाराला आपला खरेदीचा भाव झांकून ठेवणें भाग होतें. कापडाच्या घडीवर तो भाव अक्षरांत लिहून ठेवण्याचीहि युक्ति होती. दहा निरनिराळ्या अक्षरांचें एखादें वाक्य दुकानापुरतें ठरवावयाचें. पहिलें अक्षर म्हणजे एक, दुसरें म्हणजे दोन, असा क्रम. गुमास्त्याला घडीवरची दोन अक्षरें पाहून आपण कोठपर्यंत उतरावयाचें तें कळे, आणि गिऱ्हाइकाला तीं अक्षरें म्हणजे गिरणीची खूण वाटे. यांत पुष्कळसा भाग धंद्याच्या संरक्षणाचा आहे, आणि तेवढ्यासाठीं कोणी दुकानदाराला चोर म्हणूं नये.

परंतु बोलीला कान लागतात. ज्या व्यवहारांत आजूबाजूला चार प्रतिस्पर्धी उभे असत तेथें नंदभाषेनेंहि भागत नसे, कारण ती त्या चौघांनाहि येत असे. अशा ठिकाणीं बोटांची भाषा चाले. दलाल आणि खरेदीदार एकमेकांचा हात हातांत घेत आणि त्यावर उपरणें किंवा धोतराचा सोगा टाकीत. एक बोट धरलें कीं एक, दोन धरलीं कीं दोन, सबंध पंजा धरला कीं पांच. तें एक म्हणजे एक रुपया, कीं दहा, कीं शंभर, हें मालाकडे पाहून दोघांनाहि समजत असे. मुंबईच्या मोत्यांच्या व्यापारांत हजारोंचे सौदे असे वस्त्राखालीं, एक शब्दहि न उच्चारतां होत. बैलबाजारांत हीच रीत होती. धान्याच्या आणि कापसाच्या अडतींतहि हीच. चेहऱ्यावर कांहींएक दिसूं द्यावयाचें नाहीं, हा या विद्येचा पहिला पाठ. बोटें उपरण्याखालीं हुज्जत घालीत असतां वर दोघे पावसापाण्याच्या गोष्टी करीत.

मोत्यांच्या व्यापारांत दोन्ही पक्ष तितकेच जाणते असतात, तेव्हां तेथें या रीतीनें कोणाचें फारसें बिघडलें नाहीं. धान्याच्या अडतीची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथें त्या उपरण्याजवळ तिसरा एक माणूस उभा असे, आणि माल त्याचाच असे. रात्रभर गाडी हांकून तो पहांटे पेठेंत पोंचलेला असे. त्याच्या कापसाची किंवा ज्वारीची किंमत त्याच्यापासून हातभर अंतरावर ठरत होती, आणि ती त्याला दिसत नव्हती, ऐकूंहि येत नव्हती. सौदा संपला म्हणजे अडत्या उपरणें झटकून खांद्यावर टाकी आणि त्याला भाव सांगे. बोटांनीं ठरलेला भाव आणि तोंडानें सांगितलेला भाव एकच आहे किंवा नाहीं, हें पडताळून पाहण्याचें साधन त्याच्याजवळ नव्हतें. त्यांतून अडत, दलाली, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय अशा रकमा वजा होत. शिवाय पेरणीच्या वेळीं काढलेलें कर्ज बहुधा याच अडत्याचें असे, त्यामुळें ‘भाव पटत नाहीं’ म्हणून गाडी जुंपून परत जाण्याची सोयहि नव्हती. लुगड्याच्या गिऱ्हाइकाचा एक रुपया गेला. येथें वर्षाची कमाई त्या वस्त्राखालीं होती.

ही गोष्ट सरकारच्या कानीं पोंचली ती मुख्यतः कापसामुळें. वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना हवा होता आणि त्याचा व्यापार नीट चालावा अशी इच्छा होती. त्यांत शेतकऱ्याचें हित हा हेतु कितपत होता हा वादाचा विषय आहे. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं नियमांनीं बांधलेला बाजार सुरू झाला. १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. मुंबई इलाख्यांत कापसाच्या बाजारांचा कायदा १९२७ सालीं आला. पुढच्याच वर्षीं, १९२८ सालीं, लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेती कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि त्यानें असे नियंत्रित बाजार सर्वत्र असावेत अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यानें १९३९ सालीं सर्व शेतमालासाठीं कायदा केला, व महाराष्ट्र राज्यानें १९६३ सालीं आपला कायदा करून तो विषय सबंध राज्यापुरता एक केला. या बाजारांत माल उघड लिलावानें विकावयाचा, वजन डोळ्यांदेखत करावयाचें, आणि वजावाटीचे दर आधीं ठरलेले असावयाचे. म्हणजे कायद्यानें काय केलें, तर बोटें उपरण्याबाहेर काढलीं. हें सर्वत्र झालें, किंवा एकदम झालें, असें मात्र कोणी समजूं नये. बैलबाजारांत तर उपरणें त्यापुढेंहि पुष्कळ काळ टिकून राहिलें.

आणि गुप्त बोली तरी कोठें संपली? ती पेठेंतून उठून दुसरीकडे राहावयास गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईंत ‘पेटी’ आणि ‘खोका’ हे दोन साधे शब्द नव्या अर्थानें चालूं लागले. पेटी म्हणजे एक लाख रुपये, खोका म्हणजे एक कोटि. हे शब्द खंडणीखोरांच्या आणि बेहिशेबी पैशाच्या जगांत वाढले, आणि तेथून पोलिसांच्या कागदांत, वर्तमानपत्रांत व चित्रपटांत शिरले. त्यांच्यामागचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शंभराच्या नोटांत एक लाख रुपये म्हणजे शंभर नोटांचीं दहा पुडकीं. तीं एका लहानशा पेटींत सहज मावतात. तेच एक कोटि म्हणजे अशीं एक हजार पुडकीं, आणि त्यांना खोकेंच हवें. १९८७ सालीं पांचशेंची नवी नोट निघाली तेव्हां एका कोटीचीं पुडकीं दोनशेंवर आलीं. खोकें लहान झालें, शब्द मात्र तोच राहिला. नंदभाषेशीं तुलना केली तर या नव्या बोलींत कसब कमी आहे हें कबूल करावें लागतें. मुळू आणि मंगी यांच्यांत कांहीं कल्पना तरी होती. खोक्यांत पैसे घालून त्याला खोकें म्हणणें ही फारशी बुद्धीची गोष्ट नव्हे. तो शब्द आतां इतका उघडा पडला आहे कीं २०२२ सालीं मुंबईंत विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी पक्षाच्या आमदारांनीं त्याचीच घोषणा केली, आणि घरोघरच्या पोरांनासुद्धां तिचा अर्थ विचारावा लागला नाहीं.

झांकण्यासाठीं केलेले शब्द हे असे. पण पैशाच्या नांवांची खरी संपत्ति आहे ती उघड्या शब्दांत, जे कोणी मुद्दाम केले नाहींत आणि जे प्रत्येक घरांत बोलले गेले. राजानें नाण्यावर आपलें नांव कोरावें, बिरुदावली कोरावी, आणि लोकांनीं त्या नाण्याला आपल्या सोयीचें दुसरेंच नांव द्यावें, हा खेळ फार जुना आहे. कवडी ही तर नाणेंहि नव्हे, समुद्रांतला शिंपला. मालदीव बेटांकडून ती व्यापाऱ्यांबरोबर येई. तरी ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ आजहि बोलण्यांत आहेत. दमडीची वंशावळ तर विलक्षण आहे. ग्रीकांच्या द्राख्म नाण्याचें नांव भारतांत ‘द्रम्म’ झालें. कोंकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत द्रम्मांचे उल्लेख आहेत. द्रम्माचा ‘दाम’ झाला. अकबराच्या वेळीं दाम हें तांब्याचें नाणें होतें, चाळीस दामांचा एक रुपया धरीत, आणि दामाचा आठवा भाग ती दमडी. म्हणजे तीनशें वीस दमड्यांचा रुपया. चमडी गेली तरी दमडी सोडूं नये म्हणणारा चिक्कू मनुष्य किती अल्प रकमेसाठीं कातडें द्यावयास सिद्ध होता, हें यावरून ध्यानीं येईल. दाम हें नाणें गेलें, पण ‘दाम’ हा शब्द किंमत या अर्थानें राहिला, आणि ‘दामदुप्पट’ या नांवानें न्यायालयांतहि मानानें बसला. व्याज मुदलाहून अधिक एका वेळीं मागतां येऊं नये, हा तो जुना हिंदु नियम. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं तो हिंदु ऋणकोच्या बाबतींत मानला. कितीतरी कुळांची जमीन या एका शब्दानें वांचली असेल.

रुपया शेरशहा सुराचा. त्यानें १५४० ते १५४५ या अल्प कारकीर्दींत त्याचें वजन बांधून दिलें. पण मराठी मुलखांत रुपया कधींच नुसता रुपया नव्हता. शिवाजी महाराजांनीं १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असत. राज्य गेल्यानंतरहि खेड्यापाड्यांच्या बाजारांत शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालत होती. पेशवाईंत टांकसाळी वाढल्या आणि रुपयाचे प्रकार वाढले. चांदवडच्या टांकसाळीचा तो चांदवडी, अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी, सुरतेचा सुरती, अर्काटचा अर्काटी, पन्हाळ्याचा पन्हाळी, बडोद्याकडचा बाबाशाही. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी, आणि म्हणून भाव वेगळा. सोन्याच्या नाण्यांत व्हेनिसहून येणारें एक नाणें होतें. त्यावर माणसांच्या आकृति होत्या म्हणून लोकांनीं त्याला ‘पुतळी’ म्हटलें, आणि बायकांनीं तें बाजारांत न धाडतां गळ्यांत घातलें. पुतळ्यांची माळ घालणाऱ्या किती गृहिणींना ठाऊक असेल कीं तिच्यावरचा पुरुष व्हेनिसचा अधिपति होता आणि तो एका ख्रिस्ती साधूपुढें गुडघे टेकून बसला होता?

या नाण्यांच्या गर्दींत खरा राजा सराफ. एका प्रांताचा रुपया दुसऱ्या प्रांतांत दिला तर तो दर्शनी किंमतीनें घेतला जात नसे. त्यावर कांहीं कापून घेत. त्या कपातीला ‘बट्टा’ म्हणत. कुळाच्या हातीं धान्य विकून एका शिक्क्याचे रुपये येत, आणि सरकारांत सारा भरावयाचा तो दुसऱ्या शिक्क्याच्या रुपयांत. मधला बट्टा कुळाच्या माथीं. साऱ्याची रक्कम न वाढतां सारा वाढण्याचा हा एक मार्ग होता. त्या काळच्या सामान्य माणसाला बट्टा या शब्दाची किती धास्ती असेल, तें त्यानें तो शब्द कोठें नेऊन ठेवला यावरून कळतें. घराण्याच्या अब्रूला कमीपणा आला म्हणजे मराठी माणूस म्हणतो, नांवाला बट्टा लागला. सराफाच्या पाटावरून असे आणखीहि शब्द घरांत आले. वाजवून पाहिलेल्या नाण्यावरून खणखणीत बोलणें आलें. पारखून घेतलेल्या नाण्यावरून नाणावलेला पुरुष आला. न मोडलेला, अस्सल तो बंदा रुपया. त्यावरून सचोटीच्या माणसाला बंदा रुपया म्हणण्याची चाल पडली, आणि मराठींत त्याहून मोठी शिफारस थोडीच सांपडेल. मोडलेल्या रुपयाचा खुर्दा होई, आणि रणांगणावर सैन्याची दाणादाण झाली कीं तिचाहि खुर्दाच उडे.

१८३५ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें सगळीकडे एकाच वजनाचा रुपया केला. १८० ग्रेन वजन, त्यांत १६५ ग्रेन शुद्ध चांदी. हेंच वजन तोळ्याचें ठरलें. यंत्रानें पाडलेला, कांठावर कंगोरे असलेला हा रुपया लोकांना इतका नवा वाटला कीं कळेचा म्हणून तो ‘कलदार’ झाला. पुढें व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आला आणि ‘राणीछाप’ हें नांव पडलें. हें राज्य परक्यांचें, पण राणीछाप रुपया मात्र मनांतून भरंवशाचा, अशी ती गंमत होती. बट्ट्याच्या जाचांतून सुटलेल्या लोकांची ती पावती समजावी. दुसऱ्या महायुद्धांत १९४० सालीं रुपयांतील चांदी निम्म्यावर आली तेव्हां जुने रुपये घरोघर गाडग्यांत जाऊन बसले. १९४३ सालीं तांबें वांचविण्यासाठीं मध्यें भोंक असलेला पैसा निघाला, त्याला लोकांनीं ‘भोकाचा पैसा’ म्हटलें. यापेक्षां नेमकें नांव टांकसाळीच्या अधिकाऱ्यांना सुचलें नसतें. दोन पैशांचा जाडजूड ढबू त्यापूर्वींचा; त्याच्या अंगलटीवरून ढब्बू माणूस आणि ढब्बू मिरची हीं दोन्ही नामकरणें झालीं.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. हीं नांवें कोणाला शिकवावीं लागलीं नाहींत. पण आण्याचें खरें महत्त्व नाण्याबाहेर होतें. आणा हा मराठी माणसाचा अपूर्णांक होता. पूर्ण गोष्ट सोळा आणे खरी. डोक्यानें थोडा कमी असलेला मनुष्य पावली कम. भाऊबंदांच्या वाटणींत वाड्याचा हिस्सा चार आणे, आणि त्यांतहि दोन पुतण्ये असले तर प्रत्येकीं दोन आणे. ज्याला त्रैराशिक येत नसे त्यालाहि हा हिशेब येत असे. सार्वजनिक कामांतहि तोच. अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर फिरून एकेक पैसा मागण्याची योजना काढली, तिला ‘पैसा फंड’ हेंच नांव मिळालें, आणि त्या फंडांतून १९०८ सालीं तळेगांवचा कांचकारखाना उभा राहिला. १९२० च्या नागपूर अधिवेशनांत काँग्रेसची नवी घटना होऊन वर्गणी चार आणे ठरली. तेव्हांपासून ‘चार आण्यांचा सभासद’ हा शब्द कधीं अभिमानानें तर कधीं हेटाळणीनें ऐकूं येऊं लागला.

या आण्यांत सगळ्यांत वजनदार शब्द ‘आणेवारी’. सोळा आणे पीक म्हणजे चांगल्या वर्षाचें भरपूर पीक. त्या मानानें यंदा किती आणे आलें हें गांवोगांव ठरवावयाचें, आणि त्यावर साऱ्याची तहकुबी अवलंबून. पीक चार आण्यांवर न गेल्यास त्या वर्षाचा सारा तहकूब व्हावा, असा मुंबई इलाख्यांतला नियम होता. आतां चार आणे कीं पांच आणे हें ठरविणार कोण? पाहणी करणारा अधिकारी एक सांगे, शेतकरी दुसरें सांगे. १९१८ सालीं गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांत हाच वाद पेटला. अतिवृष्टीनें पीक बुडालें होतें. चार आण्यांहून कमी, असें शेतकऱ्यांचें म्हणणें. बहुतेक गांवीं त्याहून जास्त, असें सरकारचें. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांनीं त्या प्रश्नावर सत्याग्रह केला. जप्त्या झाल्या, गुरें गेलीं, भांडीं गेलीं. बाहेरून पाहणाराला ती सारावसुलीविरुद्ध चळवळ दिसते आणि ती तशी होतीहि. पण तिच्या मुळाशीं एक-दोन आण्यांचा फरक होता, आणि तो फरक कोणाच्या डोळ्यानें पाहावयाचा हा प्रश्न होता. उपरण्याजवळ उभा असलेला तो गाडीवाला येथें पुन्हां भेटतो. मोजमाप त्याच्याच मालाचें, आणि मोजणारा दुसराच.

१ एप्रिल १९५७ रोजीं दशमान पद्धति सुरू झाली. रुपयाचे शंभर भाग झाले, आणि जुन्या पैशाशीं घोटाळा होऊं नये म्हणून त्यांना ‘नये पैसे’ म्हटलें. चार आण्यांचे पंचवीस नये पैसे नीट बसले. एका आण्याचे मात्र सव्वासहा होत, म्हणून सहा धरले. दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस. दुकानांत, टपालकचेरींत, ट्राममध्यें या पाव-अर्ध्या पैशावरून जे वाद झाले त्यांची आठवण वृद्ध श्रोत्यांना असेल. १९६४ सालीं ‘नये’ हा शब्द गळाला. जुनीं नाणीं एकेक करून नाहींशीं झालीं. पावलीचें नांव पुढें चालविणारें पंचवीस पैशांचें नाणेंहि ३० जून २०११ रोजीं कायदेशीर चलनांतून बाद झालें. महसूल खात्यानें नव्या हिशेबाप्रमाणें आणेवारीची ‘पैसेवारी’ केली, आणि ज्या गांवाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आंत तें टंचाईचें गांव, असें माप धरलें. कलेक्टर कचेरीच्या कागदांत पैसेवारी हा शब्द असतो. पारावर बसलेलीं माणसें मात्र पाऊस गेला कीं एकमेकांना विचारतात तें हेंच, कीं औंदा आपल्या गांवाची आणेवारी किती लागली.